एका रेघेचा भरवसा

जून 2020 मध्ये जळगाव जिल्हा देशभर गाजला तो एका आकड्यामुळे. कोरोनाची लागण झालेल्या शंभर जणांमागे देशात तेव्हा सुमारे तीन माणसे दगावत होती. जळगावात हे प्रमाण दहाच्या वर गेले होते. रुग्णसंख्येत मुंबई-पुण्याच्या पासंगालाही न पुरणारा हा जिल्हा मृत्युदरात मात्र देशात अगदी वरच्या रांगेत जाऊन बसला.

कारणे सांगितली गेली ती खोटी नव्हती. रुग्ण फार उशिरा दाखल होत होते. त्यांत वयस्कर, मधुमेह किंवा रक्तदाब असलेले जास्त होते. जळगावच्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये डॉक्टर आणि कर्मचारी अपुरे होते. तिथला कारभार किती ढासळला होता, हे 10 जूनला उघड झाले. भुसावळहून आणलेली एक वयोवृद्ध रुग्ण महिला 2 जूनपासून ‘बेपत्ता’ होती. आठ दिवसांनी तिचा मृतदेह त्याच रुग्णालयाच्या स्वच्छतागृहात सापडला. अधिष्ठात्यांसह काही जण निलंबित झाले, जिल्हाधिकाऱ्यांची बदली झाली आणि अभिजित राऊत यांनी सूत्रे हाती घेतली.

पण त्या आकड्याला आणखी एक बाजू होती. मृत्युदर काढताना वर मृत्यू असतात आणि खाली सापडलेले रुग्ण. मृत्यू सहसा नजरेतून सुटत नाही. रुग्ण मात्र चाचणी झाली तरच सापडतो. चाचण्या कमी झाल्या की खालचा आकडा लहान राहतो आणि दर फुगतो. जळगावात माणसे जास्त मरत होती हे खरेच, पण बाधित माणसे कमी सापडत होती हेही तितकेच खरे होते. कमी का सापडत होती, याचे उत्तर सिव्हिलच्या वॉर्डांपेक्षा जळगाव-धुळे रस्त्यावर जास्त मिळते.

नमुना निघाला, रिपोर्ट येईना

मार्च 2020 च्या अखेरीस जळगाव शहरातल्या मेहरूण भागात जिल्ह्यातला पहिला रुग्ण सापडला. धुळे जिल्ह्यात एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात साक्रीपासून सुरुवात झाली. तेव्हा खात्रीची चाचणी एकच होती, आरटीपीसीआर. नाकातून आणि घशातून कापसाच्या काडीने स्राव घ्यायचा, ती काडी विषाणू टिकवून धरणाऱ्या द्रावाच्या नळीत बुडवायची, नळी बर्फाच्या डब्यात 2 ते 8 अंश तापमानात ठेवायची आणि प्रयोगशाळेत पाठवायची. तिथे विषाणूच्या जनुकीय साहित्याच्या लाखो प्रती यंत्रात तयार केल्या जातात, त्यामुळे नमुन्यात विषाणू अगदी थोडा असला तरी सापडतो. यंत्राचे काम काही तासांचे असते. वेळ खायचा तो प्रवास आणि रांग.

सुरुवातीला खानदेशातले नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेत जात. एप्रिलमध्ये धुळ्याच्या श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात चाचणीची सोय झाली आणि धुळ्यातल्या चक्करबर्डी भागातली ती प्रयोगशाळा साऱ्या खानदेशाचा आधार झाली. जळगाव आणि नंदुरबारचे नमुने तिथेच येत आणि जवळच साथ भडकलेल्या मालेगावचा भारही तिच्यावर पडला. रावेर किंवा मुक्ताईनगरला घेतलेला स्वॅब आधी जळगावला यायचा. तिथून पाळधी, एरंडोल, पारोळा करत सुमारे 90 किलोमीटरवरच्या धुळ्याला जायचा. मे महिन्यात खानदेशात पारा 43-44 अंशांच्या पुढे जातो. अशा उन्हात बर्फाचे डबे सांभाळत गाड्या पळत होत्या. धुळ्याला पोहोचल्यावर नमुना आधीच्या शेकडो नमुन्यांच्या मागे रांगेत लागायचा.

एव्हाना अमळनेर, भुसावळ, भडगाव, पाचोरा अशी गावे एकामागून एक बाधित होत होती. धुळे जिल्ह्यात शिरपूरची आकडेवारी वाढत होती. मुंबई-आग्रा महामार्गावरून हजारो मजूर धुळे-शिरपूरमार्गे मध्य प्रदेशाकडे चालत निघाले होते. भुसावळ जंक्शनवरून गाडी मिळेल या आशेने जालन्याहून निघालेले 16 मजूर 8 मे रोजी औरंगाबादजवळ करमाडला मालगाडीखाली सापडले, ते याच दिवसांत. इतकी माणसे हलत असताना एका स्वॅबचा रिपोर्ट यायला चार-पाच दिवस, कधी आठवडाही लागत होता. तोपर्यंत संशयित माणूस एक तर घरात सगळ्यांत मिसळायचा, नाही तर इतर संशयितांबरोबर एकाच वॉर्डात पडून राहायचा. कित्येकांचा रिपोर्ट अंत्यसंस्कारानंतर आला. पुढे जळगावलाही प्रयोगशाळा उभी राहिली, पण रांग संपायला वेळ गेला. ‘रिपोर्ट आला का?’ हा त्या उन्हाळ्यातला खानदेशातला सर्वांत मोठा प्रश्न होता.

पहिल्या ‘रॅपिड’चा फज्जा

झटपट चाचणीचा पहिला प्रयोग देशाने एप्रिलमध्येच करून पाहिला होता आणि त्यात हात पोळले होते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, चीनमधल्या दोन कंपन्यांकडून सुमारे 5 लाख किट मागवले. ते रक्ताच्या थेंबावर चालत आणि विषाणूऐवजी शरीराने त्याच्याविरुद्ध बनवलेली प्रतिपिंडे शोधत. प्रतिपिंडे तयार व्हायला लागण झाल्यापासून आठवडा-दोन आठवडे लागतात. त्यामुळे आज आजारी असलेल्याला आज ओळखण्यासाठी ती चाचणी मुळातच कामाची नव्हती. त्यात किटचा दर्जाही वाईट निघाला. राजस्थानने अचूकता 5.4 टक्केच असल्याची तक्रार केली. 21 एप्रिलला आयसीएमआरने राज्यांना चाचण्या थांबवायला सांगितले आणि 27 एप्रिलला किट परत करायला लावले. आयातदार आणि वितरक यांच्यातला दराचा वाद दिल्ली उच्च न्यायालयात गेला, तेव्हा 245 रुपयांना आलेला किट 600 रुपयांना विकला जात होता हे लोकांना कळले.

त्यामुळे जूनमध्ये पुन्हा ‘रॅपिड टेस्ट’ हे शब्द कानावर आले तेव्हा लोकांच्या आणि बऱ्याच डॉक्टरांच्याही मनात किंतु होता. प्रत्यक्षात आता आलेली चाचणी वेगळ्या जातीची होती.

14 जूनचे पत्रक

14 जून 2020 रोजी आयसीएमआरने एक पत्रक काढून ‘स्टँडर्ड क्यू’ नावाच्या अँटिजेन किटला मान्यता दिली. कंपनी दक्षिण कोरियाची होती, एसडी बायोसेन्सर, आणि तिचा कारखाना हरियाणात मानेसरला होता. ही चाचणी थेट विषाणूचे प्रथिन शोधते. नाकातून खोलवर फिरवलेली काडी छोट्या नळीतल्या द्रावात घोळवून पिळायची, नळीला टोपण लावायचे आणि पट्टीवरच्या खाचेत तीन थेंब टाकायचे. द्राव कागदासारख्या पट्टीवरून सरकत जातो. वाटेत सोन्याचे सूक्ष्म कण चिकटवलेली प्रतिपिंडे असतात. विषाणूचे प्रथिन असेल तर ती त्याला पकडतात आणि पुढे ‘टी’ या खुणेपाशी रेघ उमटते. ‘सी’पाशीची रेघ फक्त पट्टी नीट चालल्याची खूण. गरोदरपणाच्या घरगुती चाचणीसारखाच हा प्रकार: एक रेघ आली तर निगेटिव्ह, दोन आल्या तर पॉझिटिव्ह. यंत्र नको, वीज नको, धुळ्याची फेरी नको. निकाल 15 ते 30 मिनिटांत.

पण त्याच पत्रकात मर्यादाही स्पष्ट लिहिल्या होत्या. आयसीएमआर आणि दिल्लीच्या एम्समध्ये किट तपासले गेले तेव्हा आरटीपीसीआरने बाधित ठरलेल्यांपैकी 50.6 ते 84 टक्के लोक या पट्टीने पकडले. नमुन्यात विषाणू जितका जास्त, तितकी पकड चांगली. उलट, ज्यांना लागण नाही त्यांना निगेटिव्ह म्हणण्यात पट्टी 99.3 ते 100 टक्के बरोबर होती. म्हणून नियम दोन ठरले. पॉझिटिव्ह आला तर तो पॉझिटिव्हच धरायचा, फेरचाचणी नको. निगेटिव्ह आला आणि माणसाला ताप, खोकला, धाप अशी लक्षणे असतील तर त्याची आरटीपीसीआर करायचीच.

याचा अर्थ आकड्यांत पाहू. समजा, अमळनेरच्या एखाद्या प्रतिबंधित वस्तीत 1000 लोकांची अँटिजेन झाली आणि त्यांतल्या 100 जणांना खरोखर लागण आहे. पट्टीची पकड 84 टक्के असेल तर 84 जण सापडतील आणि 16 सुटतील. पकड 50.6 टक्के असेल तर 51 सापडतील आणि 49 सुटतील. उरलेल्या 900 धडधाकट लोकांपैकी फार तर सहा-सात जणांवर चुकून बाधितपणाचा शिक्का बसेल. म्हणजे पट्टी ‘हो’ म्हणाली तर तिचे ऐकावे. ‘नाही’ म्हणाली तर आणखी विचारपूस करावी.

आता त्याच 100 जणांचे स्वॅब धुळ्याला गेले आणि रिपोर्ट सातव्या दिवशी आला, असे धरू. आरटीपीसीआर जवळजवळ सगळ्यांना पकडेल. पण हा विषाणू लक्षणे दिसण्याच्या दोन दिवस आधीपासून पुढच्या चार-पाच दिवसांत सर्वांत जास्त पसरतो. सातव्या दिवशी रिपोर्ट हातात पडेपर्यंत पसरवायचे ते पसरवून झालेले असते. हार्वर्डचे मायकेल मिना आणि कोलोरॅडोचे डॅनियल लॅरेमोर यांनी 2020 मध्ये हाच मुद्दा गणिताने मांडला. साथ रोखण्यासाठी चाचणी किती वेळा होते आणि निकाल किती लवकर हाती येतो, हे तिच्या बारीक पकडीपेक्षा जास्त महत्त्वाचे ठरते, असा त्यांचा निष्कर्ष होता. हे त्यांनी अमेरिकेकडे पाहून लिहिले, पण जळगावला ते तंतोतंत लागू होते.

पावसाळा : आकडा वाढला, दर उतरला

जूनच्या अखेरीस महाराष्ट्र सरकारने 1 लाख अँटिजेन किट घेण्याचे ठरवले. जुलैमध्ये पुण्याच्या मायलॅब कंपनीच्या ‘पॅथोकॅच’ या देशी किटलाही मान्यता मिळाली. त्याची किंमत 450 रुपये होती. इकडे जळगाव, भुसावळ आणि अमळनेर या तीन शहरांत 7 ते 13 जुलै असा कडक लॉकडाऊन लागला. त्या पावसाळ्यात किट आधी जिल्ह्याच्या ठिकाणी आणि मग तालुक्यांत पोहोचले. पालिकेच्या दवाखान्यांत आणि वसतिगृहांत उघडलेल्या कोविड केअर सेंटरांत टेबले मांडून चाचण्या सुरू झाल्या. सकाळी तपासलेल्या माणसाला दुपारपर्यंत खाट मिळू शकत होती. एका घरात एक सापडला की बाकीच्यांना त्याच दिवशी तपासता येत होते. महिनाभरापूर्वी हे स्वप्नवत वाटले असते.

रुग्णसंख्या अर्थातच उसळली. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये जळगाव जिल्ह्यात दिवसाला शेकड्यांनी रुग्ण निघू लागले. सप्टेंबरच्या मध्याला ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम सुरू झाली. आशाताई आणि शिक्षक थर्मामीटर-ऑक्सिमीटर घेऊन घरोघर गेले. संशयितांची यादी हातात आणि तपासायची सोय गावाजवळ, हे दोन्ही एकाच वेळी जमून आले. वर्ष संपता संपता जळगावचा मृत्युदर 3 टक्क्यांच्या खाली आला होता.

याचे सारे श्रेय पट्टीला देणे चूक ठरेल. ऑक्सिजनच्या खाटा वाढल्या होत्या, स्टिरॉइडचा उपयोग कळला होता, खासगी डॉक्टर मदतीला आले होते. शिवाय सौम्य रुग्ण सापडू लागले की मृत्युदर आपोआप उतरतो. तो खालच्या आकड्याचाच परिणाम. पण उशिरा दाखल होण्याचा जो रोग जळगावला जडला होता, त्यावर त्याच दिवशी मिळणारा निकाल हे औषध होते, यात शंका नाही.

सुटलेले निगेटिव्ह

घोटाळा झाला तो दुसऱ्या नियमात. पॉझिटिव्हचे काय करायचे, ते सगळ्यांना ठाऊक होते: नाव नोंदवायचे, गल्लीला बांबू लावायचे, माणसाला सेंटरवर न्यायचे. निगेटिव्हचे काय करायचे, हे कागदावरच राहिले. तापाने फणफणलेल्या माणसाला ‘निगेटिव्ह’ असे कळले की त्याचा जीव भांड्यात पडायचा. त्याला पुन्हा बोलावून पुन्हा काडी घालायची, नमुना प्रयोगशाळेत पाठवायचा आणि पुन्हा दोन-तीन दिवस वाट पाहायची, हे कर्मचाऱ्यांनाही नको असायचे आणि त्यालाही. पॉझिटिव्ह म्हणजे कित्येक दिवस घराबाहेर, दुकान बंद, शेतात कापूस वेचायला कोणी नाही आणि गावात चर्चा. अशा वेळी एक रेघ म्हणजे सुटकेचा परवाना वाटायचा.

हे खानदेशापुरते नव्हते. दिल्लीपासून साऱ्या देशात हीच तऱ्हा होती. म्हणून 10 सप्टेंबर 2020 रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालय आणि आयसीएमआर यांना राज्यांना खास पत्र लिहावे लागले. लक्षणे असूनही अँटिजेन निगेटिव्ह आलेल्या प्रत्येकाची आरटीपीसीआर करा, कोणी सुटला नाही याची खात्री करा, त्यासाठी जिल्ह्यात वेगळी यंत्रणा नेमा, असे त्यात बजावले होते. जूनच्या पत्रकात हे आधीच लिहिलेले होते. तीन महिन्यांत ते पुन्हा सांगावे लागले.

पट्टी नेमकी कुठे कमी पडते, हेही याच सुमारास जगाला स्पष्ट होऊ लागले. जागतिक आरोग्य संघटनेने 11 सप्टेंबरला किमान अट घातली: पकड 80 टक्के हवी आणि निरोग्याला निरोगी म्हणण्यातली अचूकता 97 टक्के. मार्च 2021 मध्ये कॉक्रेन या संस्थेने जगभरचे अभ्यास एकत्र करून सरासरी काढली. लक्षणे असलेल्यांत पट्टी 72 टक्के रुग्ण पकडत होती, लक्षणे नसलेल्यांत 58 टक्के. लक्षणांच्या पहिल्या आठवड्यात पकड 78 टक्के होती, दुसऱ्या आठवड्यात 51 टक्क्यांवर घसरत होती. म्हणजे आठ दिवस घरी काढून, काढे पिऊन, मग धाप लागल्यावर केंद्रावर आलेल्या माणसासाठी ही चाचणी जवळजवळ छापा-काटा होती. खानदेशात बरेच जण नेमके असेच येत होते.

परवाना झालेली चाचणी

2020 चा हिवाळा आला तेव्हा चाचणीचा उपयोग आजाऱ्याला शोधण्याबरोबर हिंडण्याफिरण्याची मुभा देण्यासाठीही होऊ लागला. 23 नोव्हेंबरला राज्याने आदेश काढला. दिल्ली, राजस्थान, गुजरात आणि गोव्यातून येणाऱ्यांवर निर्बंध आले. रेल्वेने किंवा विमानाने येणाऱ्याकडे आरटीपीसीआरचा निगेटिव्ह रिपोर्ट हवा. रस्त्याने येणाऱ्याची सीमेवर तपासणी व्हायची आणि लक्षणे दिसली तर तिथेच अँटिजेन. गुजरातला खेटून असलेल्या धुळे-नंदुरबारला आणि भुसावळसारख्या जंक्शनला याची झळ थेट लागली.

फेब्रुवारी 2021 पासून दुसरी लाट चढू लागली. 12 ते 14 मार्च दरम्यान जळगाव शहरात जनता कर्फ्यू पाळला गेला. 24 मार्चला केंद्राने सर्वाधिक सक्रिय रुग्णांच्या दहा जिल्ह्यांची यादी जाहीर केली, तीत जळगाव होते. केंद्र राज्यांना सांगत होते, एकूण चाचण्यांत आरटीपीसीआर किमान 70 टक्के ठेवा. 31 मार्चला महाराष्ट्राने खासगी प्रयोगशाळेतली आरटीपीसीआर 500 रुपयांवर आणि अँटिजेन 150 रुपयांवर आणली. राज्याच्या एप्रिलमधल्या ‘ब्रेक द चेन’ निर्बंधांच्या आदेशांत कामावर जाणाऱ्या अनेकांना निगेटिव्ह रिपोर्ट बाळगणे सक्तीचे झाले. प्रयोगशाळा तुंबल्या, तेव्हा आरटीपीसीआरच्या जागी अँटिजेनही चालेल, अशी सवलत द्यावी लागली.

त्याच दिवसांत राज्यातल्या अनेक शहरांप्रमाणे खानदेशातही चौकाचौकांत दुसरे दृश्य दिसू लागले. पोलिसांनी विनाकारण फिरणाऱ्याला अडवायचे आणि शेजारच्या टेबलावर त्याच्या नाकात काडी घालायची. पॉझिटिव्ह निघाला तर रुग्णवाहिकेतून थेट सेंटरवर. दहशत बसवायला हा उपाय नामी होता. पण लक्षणे नसलेल्या माणसांतच पट्टीची पकड सर्वांत ढिली असते. त्यातून निगेटिव्ह निघालेला माणूस ‘मला काही नाही’ म्हणत निर्धास्त घरी जायचा. किट 2 ते 30 अंशांत ठेवावा, निकाल 15 मिनिटांनंतर पण 30 मिनिटांच्या आत वाचावा, असे पाकिटावरच छापलेले असते. एप्रिलमध्ये चाळिशी ओलांडलेल्या उन्हात, मंडपाखाली, समोर रांग वाढत असताना हे पाळणे किती अवघड होते, हे खानदेशातल्या कोणालाही सांगावे लागणार नाही. तापमान वाढले की काही किटची पकड आणखी सैल होते, असे त्या वर्षी जर्मनीतल्या संशोधकांनी दाखवले.

‘स्कोअर किती?’

दुसऱ्या लाटेत लोकांनी आपला वेगळा निवाडा शोधला. अँटिजेन निगेटिव्ह, आरटीपीसीआरचा रिपोर्ट तीन दिवसांनी, आणि माणूस तर दम टाकतोय. मग छातीचा एचआरसीटी, म्हणजे फुप्फुसे किती बाधित झाली ते गुणांत सांगणारा सीटी स्कॅन. ‘स्कोअर किती?’ हा प्रश्न ‘रिपोर्ट आला का?’च्या जागी आला. 25 पैकी आठ म्हटले की हायसे वाटायचे, अठरा म्हटले की घरात रडारड. राज्याने सप्टेंबर 2020 मध्येच एचआरसीटीचे दर 2000 ते 3000 रुपयांच्या मर्यादेत बांधून दिले होते. तरी ज्या घरात तिघे-चौघे आजारी होते, त्यांना हा खर्च जड होता.

यातून एक गोष्ट उघड झाली. आरटीपीसीआरही सत्याची शेवटची पायरी नव्हती. विषाणू नाकातून फुप्फुसात उतरलेला असेल किंवा काडी वरवर फिरवलेली असेल, तर तीही निगेटिव्ह यायची. मग माणूस ‘सारी’च्या, म्हणजे तीव्र श्वसनविकाराच्या, वॉर्डात जायचा. कोविडच्या खाटेसाठी पॉझिटिव्ह रिपोर्ट मागितला जायचा. रेमडेसिविर या इंजेक्शनसाठी नातेवाईक दुकानोदुकानी हिंडायचे, तिथेही कागद हवा असायचा. 8 मे 2021 रोजी केंद्राने धोरण बदलले आणि कोविड रुग्णालयात दाखल होण्यासाठी पॉझिटिव्ह रिपोर्टची अट काढून टाकली. रुग्णाला पाहून उपचार सुरू करा, कागद मागून येईल, हे साधे शहाणपण सरकारी भाषेत यायला चौदा महिने लागले.

त्याच आठवड्यात आणखी एक उलटफेर झाला. 4 मे रोजी आयसीएमआरने अँटिजेनची दारे सताड उघडली. सर्व सरकारी-खासगी दवाखान्यांत मान्यतेच्या अटीविना ही चाचणी करावी, गावोगावी केंद्रे उघडावीत, अँटिजेन पॉझिटिव्ह आलेल्याची पुन्हा आरटीपीसीआर करू नये. ‘70 टक्के आरटीपीसीआर’चा आग्रह मागे पडला, कारण प्रयोगशाळांची रांग पुन्हा आठवड्यावर गेली होती. 2020 च्या उन्हाळ्यात जळगावने भोगले, तेच आता साऱ्या देशाच्या वाट्याला आले होते आणि तोडगाही तोच निघाला.

घरातली पट्टी

19 मे 2021 रोजी मायलॅबच्या ‘कोविसेल्फ’ या घरगुती किटला मान्यता मिळाली. किंमत 250 रुपये. जानेवारी 2022 मध्ये ओमायक्रॉनची तिसरी लाट आली, तेव्हा औषधाच्या दुकानांत हे किट हातोहात खपले. लोक घरीच तपासत, पॉझिटिव्ह आले तर पॅरासिटामॉल घेऊन खोलीत बसत आणि कोणालाच कळवत नसत. आता यंत्रणेला उलटी चिंता लागली: रुग्ण आहेत, पण नोंद नाही. किट घेणाऱ्यांची नोंद ठेवा, असे औषध विक्रेत्यांना सांगावे लागले. लसीकरण झालेले असल्याने आणि विषाणू सौम्य पडल्याने त्याची फार किंमत मोजावी लागली नाही. साथ ओसरली तेव्हा जळगाव जिल्ह्यात एकूण नोंद जवळपास दीड लाख बाधितांची होती, धुळे जिल्ह्यात सुमारे 50 हजारांची. जून 2020 मध्ये दहाच्या वर असलेला जळगावचा मृत्युदर अखेरीस 2 टक्क्यांच्या आत राहिला.

हिशेब

मग ही चाचणी अचूक होती का? प्रयोगशाळेत तिने आपले गुणदोष पहिल्याच दिवशी कागदावर मांडले होते आणि नंतरच्या दोन वर्षांत त्यांत फारसा फरक पडला नाही. 14 जूनच्या पत्रकात जे लिहिले होते, त्याहून पट्टी चांगली निघाली नाही, वाईटही निघाली नाही. बदलत गेला तो तिचा उपयोग. रांगेत अडकलेल्या जिल्ह्यात, लक्षणे असलेल्या माणसाला पहिल्या पाच-सहा दिवसांत तपासण्यासाठी ती वापरली तेव्हा तिने माणसे वाचवली. चौकात परवाना म्हणून वापरली तेव्हा तिने बहुधा खोटा धीर दिला. आणि ‘निगेटिव्ह पण लक्षणे आहेत’ असा माणूस जिथे जिथे घरी पाठवला गेला, तिथे चूक पट्टीची नव्हती. त्या माणसाला परत बोलावणारे कोणी नेमले नव्हते, ही चूक होती.

खानदेशाला या साथीने काही टिकाऊ दिले, त्यात प्रयोगशाळा आहेत. एका चक्करबर्डीवर तीन जिल्ह्यांनी विसंबण्याचे दिवस गेले. पण यंत्र आले म्हणून सवय येत नाही. दर पावसाळ्यात जळगाव-धुळ्यात डेंग्यू येतो आणि खासगी दवाखान्यांत तशाच पट्टीवर त्याच्या विषाणूचे एनएस-1 प्रथिन तपासले जाते. डेंग्यू नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम मात्र पट्टीचा निकाल पक्का धरत नाही, प्रयोगशाळेतल्या एलायझा चाचणीनेच तो पक्का करतो. पट्टी निगेटिव्ह आली आणि ताप उतरत नाही, तर पुढचा नमुना कोण घेणार, कुठे पाठवणार आणि निकाल त्या माणसापर्यंत कोण पोहोचवणार, याची उत्तरे प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात नावानिशी लिहिलेली असायला हवीत. पुढचा विषाणू कोणता असेल ते सांगता येत नाही. त्याच्यासाठीही झटपट पट्टी निघेल, तिच्या पाकिटावर तिच्या मर्यादा छापलेल्या असतील आणि त्या वाचून पुढचे पाऊल उचलण्याचे काम तेव्हाही माणसांनाच करावे लागेल.